ड्यूटी, सुट्टी आणि सिस्टरबाई

नांदुऱ्याला आमच्या घरात शाळेचा गणवेश एक होता आणि मुली दोन. माझी शाळा सकाळची, धाकटीची दुपारची. मी धावत घरी यायची तेव्हा धाकटी वेणी घालून दारातच उभी असायची. मी आत जाऊन गणवेश उतरवला की ती तो तसाच, घामाने ओला असला तरी, अंगात घालून पळायची. बाबा मार्केटात हमाल. पोती वाहून वाहून त्यांची मान एका बाजूला कलली ती कललीच, त्यामुळे कुठल्याही फोटोत ते समोरच्याला काहीतरी विचारत असल्यासारखे दिसतात. आई शेळ्या राखायची. टिनाची एक खोली, तिच्यात आम्ही, आणि पावसाळ्यात शेळ्याही. ज्या दिवशी मार्केट बंद त्या दिवशी संध्याकाळी भाकरी आणि तिखट-मीठ, एवढंच. हे मी कुणी हळहळावं म्हणून लिहीत नाही. असं होतं, म्हणून लिहिते. त्या खोलीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी आहे, आणि याचा मला अभिमान आहे. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

कॉलेज बुलढाण्याला. पहिलं वर्ष एसटीने घाट चढ-उतर करण्यात गेलं. वसतिगृहात नंबर लागला नाही. मग दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं की एक रिटायर नर्स आहे, एकटीच राहते, खोली देते, पण डोक्याने जरा वेगळी आहे.

त्या डोक्याने वेगळ्या बाईंनी मला दारात उभं करून आधी नाव विचारलं नाही. अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"वर पाह्य," म्हणाल्या. मी वर पाहिलं. "रक्त कमी हाये तुह्या अंगात. नाव काय तुहं?"

खोलीचं भाडं त्यांनी जेमतेम सांगितलं, पण अट मात्र नीट समजावून सांगितली. रोज सकाळी गूळ-शेंगदाणे त्यांच्यासमोर बसून खायचे. मागे नेऊन खायचे नाहीत, नंतर खाते म्हणायचं नाही. लोहाच्या गोळ्या बाया घरी नेऊन कोंबड्यांना घालतात हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं, त्यामुळे समोर गिळलेल्यावरच त्यांचा विश्वास.

त्यांची सगळी नोकरी मोताळा तालुक्यातल्या खेड्यांत झाली होती. लग्न केलं नाही. गावोगाव त्या 'सिस्टरबाई' होत्या आणि बुलढाण्यात घर बांधल्यावरही तेच नाव राहिलं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. कुणाशी वाद झाला की बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या. भाजीवाला म्हणाला, मेथी आजचीच आहे, की त्याचं मनगट धरलं. "नाडी पळून राह्यली तुही. कालची हाये मेथी." भाजीवाला हात सोडवून घ्यायचा आणि वर एक जुडी द्यायचा. माझंही मनगट त्यांनी कितीदा धरलं असेल. अभ्यास झाला का, जेवली का, बाबांना फोन केला का. खोटं बोलायची सोयच नव्हती.

आणखी एक गोष्ट. त्या घरात आतल्या कुठल्याच खोलीला दार नव्हतं. चौकटी होत्या, बिजागऱ्याही होत्या, पण पल्ले काढून गच्चीवर टाकलेले. न्हाणीला पडदा. फक्त माझ्या खोलीला दार होतं, तेही आधीच्या भाडेकरणीने भांडून बसवून घेतलेलं. मी पहिल्या रात्री कडी लावली तेव्हा बाई बाहेर बराच वेळ घुटमळत होत्या. असं का, ते मला फार उशिरा कळलं.

मांजरी दोन. थोरली राखाडी, अंगावर पट्टे. ती बाई नोकरीत असताना आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात सापडली म्हणून तिचं नाव ड्यूटी. धाकटी पांढरी, पाठीवर तांबूस डाग, ती बाई रिटायर झाल्यावर मिळाली म्हणून सुट्टी. नवीन माणसाला हे माहीत नसायचं. बाई गल्लीत उभ्या राहून "सुट्टी कुठी गेली वं?" असं विचारायच्या आणि शेजारी नवीनच राहायला आलेल्या पोस्टमनच्या बायकोला वाटायचं की आपल्या नवऱ्याच्या सुट्टीबद्दल विचारताहेत. दोघी मांजरी एका पाटीत झोपायच्या. ड्यूटी सुट्टीचे कान चाटून स्वच्छ करायची, आणि सुट्टी डोळे मिटून, मान वर करून, पार्लरमध्ये बसल्यासारखी बसायची.

भांडणं मिटवण्याची बाईंची एक ठरलेली रीत होती आणि तिच्यावर त्यांचा औषधापेक्षा जास्त भरवसा होता. खेड्यात फिरताना सासू-सुनेचं वाजलेलं दिसलं की त्या दोघींना एका ताटात जेवायला बसवायच्या. एका घरी तर बाळाला सुई टोचायला गेल्या आणि सुई डब्यातच ठेवून ओट्यावर बसून राहिल्या. आधी तुम्ही दोघी एका ताटात जेवा, मग सुई काढीन. सासू म्हणे, मले भूक नाही. सून म्हणे, माह्यं झालं. बाईंनी दोघींची मनगटं एकदम धरली. शेवटी जेवल्या दोघी. हा किस्सा बाई फार रंगवून सांगत. एका ताटात हात गेला की राग मनगटाच्या खाली उतरते, हे त्यांचं म्हणणं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सुट्टीचं ऑपरेशन ठरलं. ड्यूटीचं ऑपरेशन सुट्टी घरात यायच्या आधीच झालेलं. बाई म्हणाल्या, जन्मभर लोकांच्या बाया समजावून समजावून ऑपरेशनला नेल्या, आता माझ्याच घरी पाळणा हलला तर लोक तोंडावर हसतील. जनावरांच्या दवाखान्यात गेलो, ऑपरेशन नीट झालं, सुट्टी पिशवीतून घरी आली.

आणि इथे बाईंमधली नर्स बाजूला बसली आणि खेड्यातली बाई उठली. पोटाचं ऑपरेशन झालं, गर्भाची पिशवी काढली, म्हणजे बाळंतिणीचंच सगळं करायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. टाके भिजू दिले नाहीत, तेवढं नर्सिंग शिल्लक होतं. पण टोपलीखाली घमेल्यात निखारे ठेवून ओवा, बाळंतशोपा आणि ऊद टाकून सुट्टीला रोज धुरी. कपाळावर तेल. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेली. डोक्याला फडकं बांधायचं तेवढं मी थांबवलं.

पहिल्या धुरीनंतर सुट्टी टोपलीतून उतरून पाटीकडे गेली. ड्यूटी सवयीने पुढे आली, नाक लावलं आणि तशीच मागे सरकली. पाठ कमानीसारखी, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगलेली. घशातून असा आवाज काढला की मी पुस्तक टाकून धावत आले. सुट्टीला वाटलं गंमत आहे. ती पुढे गेली आणि फटकारा बसला.

"लाड तिचे झाले ना, म्हणून जळून राह्यली," बाई म्हणाल्या. ड्यूटीला त्यांनी खूप बोलून घेतलं. तू थोरली, तुले समजायला पायजे.

पण ते रोज वाढत गेलं. सुट्टी दिसली की ड्यूटी अंगावर जायची. सुट्टी फ्रिजमागे जाऊन बसायची, तिथेच मुतायची. माझी खोली सोडली तर घरात दारच नाही, त्यामुळे कुणाला कुठे कोंडायची सोय नाही. मग बाईंनी आपला हुकमी उपाय काढला. पितळी ताट घासलं, त्यात दूध-भाकरीचा काला केला, ड्यूटीला एका हाताने मानेला धरून बसवलं, सुट्टीला मी धरली. "जेवा आता. काय राग असन तो ताटात पडू द्या," असं म्हणून बाईंनी हात सोडला. पुढचं मला नीट सांगताही येणार नाही. ताट भिंतीवर आदळलं, काला बाईंच्या केसांत, सुट्टीच्या कानाला चीर आणि बाईंच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे. दोन्ही मांजरींचा पत्ता नाही.

बाई स्वतःच्या हाताला औषध लावत बसल्या. एका ताटाने घर जुळलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गूळ-शेंगदाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "तुही खोली खाली करा लागन."

मला वाटलं चेष्टा आहे. पण नाही. दार असलेली खोली घरात एकच. सुट्टीला तिथे सव्वा महिना ठेवायचं, बाळंतिणीसारखं, आणि त्या खोलीत परकं माणूस नको. परीक्षा संपली की परत ये, भाडं नको, असंही म्हणाल्या. पण परीक्षेसाठीच तर मला ती खोली पाहिजे होती. घरी परतले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. आत्याने एक स्थळ आणून ठेवलेलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, चांगलाच होता, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण बाबा इतके दिवस "पोरगी बुलढाण्याले हाये, शिकून राह्यली," एवढ्या एका वाक्यावर सगळ्या नातेवाइकांना अडवून होते. मी दारात दिसले असते की ते वाक्य संपलं असतं, आणि माझं शिक्षणही.

शेंगदाणे तोंडात फिरेनात. मी वाटीकडे बघत बसले होते आणि तेवढ्यात सुट्टी माझ्या पायाजवळून गेली. तिच्या अंगाचा वास आला. ओवा, ऊद, तेल, धूर. डोळे मिटले असते तर मांजर गेलं असं मला वाटलंच नसतं, आमच्या गल्लीतली कुणी बाळंतीण गेली असं वाटलं असतं. शेळ्यांमध्ये वाढलेल्या मुलीला एवढं कळायला पुस्तक लागत नाही. शेळी आपलं करडू नाकाने ओळखते. दुसरीचं पिल्लू तिला लावायचं असलं तर आधी त्याच्या अंगाला त्या शेळीच्याच दुधाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर ती त्याला लाथ मारते. मी हे लहानपणापासून करत आले होते आणि इतके दिवस समोर असलेली गोष्ट मला दिसली नव्हती.

"बाई," मी म्हटलं, "तिच्या अंगाले बाळंतिणीचा वास येते. ड्यूटीले वाटते घरात दुसरंच कोणी आलं."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माह्या धुरीनं झालं हे?"

"हाव."

मी गोड करून सांगू शकले असते. पण मला तसं येत नाही आणि त्यांना ते चाललंही नसतं. त्यांनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघत राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग हात सोडून म्हणाल्या, "सरळ हाये नाडी," आणि उठून घमेल्यातले निखारे अंगणात नेऊन विझवले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी फोन केला. धुरीचं ऐकून ते आधी हसले आणि मग नीट सांगितलं. दवाखान्याचा वासच पुरे होता, त्यावर तुम्ही धूर चढवला, म्हणाले. दोघींना पूर्ण वेगळं करा. एकीचं अंग पुसलेलं फडकं दुसरीच्या ताटाखाली ठेवा, दुसरीचं पहिलीच्या. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघींना खायला द्या, आधी दारापासून लांब, मग हळूहळू जवळ. कुणी गुरगुरलं की परत मागे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घाई करू नका.

बाईंना दोन ताटं हे पटेना. एका घरात दोन ताटं मांडली की झालं, दोन चुलीच झाल्या. मी म्हटलं, आधी भांडण थांबू द्या, ताटाचं नंतर बघू. आणि खोली मी सोडणार नाही. सुट्टी माझ्याजवळ राहील. त्यावर त्यांचा एकच प्रश्न, बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस कसं?

"मले दाई समजा," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं. खोली त्या दिवसापुरती वाचली.

तेव्हापासून दाराच्या आत मी, सुट्टी आणि अर्थशास्त्राची पुस्तकं. बाहेर बाई आणि ड्यूटी. मी आतून फडकं द्यायची, बाई बाहेरून द्यायच्या. ड्यूटीने पहिल्यांदा सुट्टीचं फडकं हुंगलं तेव्हा त्यावर थुंकल्यासारखं केलं. मग नुसतीच बाजूला जाऊन बसली. मग एकदा त्याच्यावर पाय ठेवून जेवली. बाईंनी हे दाराबाहेरून मोठ्या आवाजात मला सांगितलं. सगळं चांगलं चाललं होतं.

बिघडवलं बाईंनी. एका दुपारी मी कॉलेजात होते. सुट्टी आत एकटी, दाराशी येऊन ओरडत होती. बाईंनी दार उघडलं. मी परत आले तेव्हा ड्यूटी बाहेरच्या कपाटावर, सुट्टी माझ्या खाटेखाली, कानाची जखम पुन्हा फाटलेली आणि माझ्या नोट्सवर केसांचे पुंजके. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. परीक्षा तोंडावर आलेली.

बाई चौकटीत उभ्या होत्या. "नाही जमत हे," म्हणाल्या. "तू सामान बांध पोरी. मी पाहीन काय ते."

"मी नाही जात," मी म्हटलं. "तुमी सांगितलं होतं आत कोणी परकं नको. मी आता परकी नाही. अन् दार तुमी उघडलं, मी नाही."

असं त्यांच्याशी त्या घरात कुणी बोललं नसेल. त्या गेल्या. मी दार लावून घेतलं, सुट्टीच्या कानाला औषध लावलं, आणि थोड्या वेळाने दाराबाहेर पाट सरकवल्याचा आवाज आला. बाई तिथे बसल्या होत्या. दार बंदच होतं आणि त्या दाराशीच बोलल्यासारख्या बोलायला लागल्या.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट होती. एका गावात कुणीतरी बाळंतपणासाठी बोलावलं. धावत गेल्या तर घराला आतून कडी. सासूचं म्हणणं होतं, आमची सुईण आहे, बाहेरची बाई नको. बाई दार वाजवत राहिल्या. आतून त्या पोरीचा आवाज येत होता, तो त्यांना सगळा कळत होता. काय चुकतंय, कुठे हात लावायला पाहिजे, सगळं. दार उघडलं तेव्हा आवाज थांबला होता. त्या पोरीचं नाव त्यांनी मला सांगितलं. मी ते लिहिणार नाही.

"दाराच्या बाहेर उभं राह्यनं मले जमत नाही," त्या म्हणाल्या. "आतून कोणी ओरडलं का हात आपोआप जाते."

मी आतून दाराला पाठ टेकून बसले. सुट्टी माझ्या मांडीवर होती. मग बाहेरून आवाज आला, नेहमीचा, ऑर्डर दिल्यासारखा.

"कडी आतून लाव. अन् मी म्हटलं तरी उघडू नको."

मी कडी लावली. त्यानंतर मी कॉलेजात जायची तेव्हा कुलूप लावून किल्ली सोबत न्यायची, हेही त्यांनीच सांगितलं. सुट्टी ओरडायची तेव्हा बाई उठून अंगणात जात, तुळशीला पाणी घालत, झालंच तर गच्चीवर जाऊन ते जुने दारांचे पल्ले पुसत. पण दाराजवळ आल्या नाहीत. ज्या बाईने जन्मभर लोकांची दारं उघडायला लावली, तिने आपल्याच घरात एक बंद दार सहन केलं. मला त्यांची सगळी नोकरी एकीकडे आणि हे एकीकडे वाटतं.

ताटं पुन्हा लांब गेली, पुन्हा जवळ आली. शेवटी दाराच्या फटीला दोन्हीकडून टेकली. मग बाईंनी उपकेंद्राच्या काळातली मच्छरदाणी काढली, ती चौकटीत ताणून खिळ्यांनी ठोकली आणि आम्ही दार उघडलं. दोघी एकमेकींना जाळीतून दिसत होत्या. ड्यूटीने पाहिलं, सुट्टीने पाहिलं आणि दोघींनी मान खाली घालून आपापल्या ताटातलं खाल्लं. बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आता हात लावू का?" मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं.

जाळी काढली त्या दिवशी बाई चौकटीजवळ बसून तूरडाळ निवडत होत्या. ड्यूटी आली. सुट्टी आली. नाकाला नाक लागलं. मी पुस्तक हातात धरून बसले होते, एक ओळही वाचत नव्हते. ड्यूटीने सुट्टीचं डोकं हुंगलं, मान हुंगली आणि मग त्याच फाटलेल्या कानापासून चाटायला सुरुवात केली. सुट्टीने डोळे मिटले. बाईंचा डाळीतला हात थांबला नाही. फक्त खडे आणि डाळ दोन्ही एकाच बाजूला पडायला लागले. ती डाळ नंतर मी पुन्हा निवडली.

ताटं मात्र दोनच राहिली. बाईंनी त्याबद्दल पुन्हा कधी विषय काढला नाही.

मी पेपर त्याच खोलीतून दिले. सामान बांधायची वेळ आली ती परीक्षा संपल्यावर, आणि ते मी माझ्या मर्जीने बांधलं. निकाल लागला तेव्हा बाबांनी मार्केटातल्या सगळ्या हमालांना चहा पाजला आणि आत्याला स्वतः फोन करून सांगितलं. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी आहे. सिस्टरबाईंच्या घरी ड्यूटी आणि सुट्टी पुढे कधी भांडल्या नाहीत.